आत्या, निळा कीबोर्ड परत करतोय

प्रिय आत्या,

जयभीम.

तू म्हणशील, मी होते तेव्हा पोराला फोनवर दोन मिनिटं धड बोलायला जमत नव्हतं, आणि आता पत्र लिहायला बसलाय! काय करू? उद्या सकाळी ऑफिसात एक उत्तर द्यायचंय. ते ज्या माणसाला विचारून द्यावं, असं माझ्या माहितीत एकच माणूस होतं, आणि ते उन्हाळ्यात निघून गेलं.

उत्तर कशाचं? हसू नकोस. कीबोर्ड कुठला घ्यायचा, याचं.

हसलीसच ना! तुला वाटणार, बंगळुरात बसून या पोराला दुसरं दुखणं नाही. दुखणंच आहे, आत्या. दिवाळीपासून उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट धड राहिलेलं नाही. आधी सकाळी उठल्यावर मुंग्या यायच्या. मग ब्रश धरताना दुखायला लागलं. मागच्या आठवड्यात पाण्याची बादली उचलली, ती हातातून सुटली आणि खोलीभर पाणी झालं. तेव्हा गेलो डॉक्टरकडं.

डॉक्टर बाई होत्या. म्हणाल्या, कसं टाइप करता ते दाखवा. मी त्यांच्या रिकाम्या टेबलावरच बोटं चालवली. त्यांच्या पेनांचा डबा हलायला लागला! त्या बघतच राहिल्या. म्हणाल्या, "एवढ्या जोरात? शिकलात कुठं?" म्हटलं, "मशीनवर. गावाकडं." त्यांनी सांगितलं, बोटांच्या शिरा सुजल्यात. मारायची सवय बदला, कीबोर्ड बदला. नाहीतर काही महिने काम बंद ठेवावं लागेल, आणि तेही केलं नाही तर बोट कायमचं असंच राहील.

काम बंद! दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर चाललं असतं. माझ्या आजूबाजूला बसणाऱ्यांकडं डिग्री आहे, कॉलेजचं नाव आहे, सहा महिन्यांनी दुसरीकडं जाऊन उभं राहता येतं त्यांना. माझ्याकडं काय आहे? दहावी नापासची मार्कशीट, आणि तू शिकवलेली ही बोटं. ती गेली तर मी परत शिर्डीला, हॉटेलात टेबल पुसायला. आणि टेबल पुसायलाही बोटंच लागतात की गं!

त्यातच कंपनीनं सगळ्यांना सांगितलं, ज्याला जो पाहिजे तो कीबोर्ड घेऊन देतो, सोमवारी कळवा. माझ्या शेजारी शिबू बसतो, केरळचा. त्याला कीबोर्डचं वेड आहे. बाजारात बैल बघणारा माणूस कसा दात बघतो, पाठीवर हात फिरवतो, तसा हा एकेक बटण दाबून बघतो. त्यानं घरातले तीन कीबोर्ड पिशवीत घालून आणून दिले. म्हणाला, रविवारभर वाजव आणि ठरव.

हे साधे कीबोर्ड नाहीत, आत्या. मेकॅनिकल म्हणतात यांना. आपल्या क्लासातल्या कॉम्प्युटरला खाली नुसतं रबर असायचं, आठवतं? यात प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग आणि वेगळा स्विच असतो. स्विचचा रंग बघून ओळखायचं. निळा असेल तर प्रत्येक अक्षराला खट् वाजतो, बोटालाही झटका कळतो. तपकिरी वाजत नाही, पण थोडा अडतो. लाल असेल तर काहीच नाही. आवाज नाही, अडणं नाही. फुंकर मारावी आणि अक्षर उमटावं.

मी पिशवीतून पहिला निळा काढला. 'ए एस डी एफ' मारलं. आणि तुला काय सांगू! आपला क्लासच या खोलीत शिरला.

कोपरगावला स्टँडच्या मागं, सायकलच्या दुकानावर. तो लोखंडी जिना. खाली दुकानदार पंक्चर काढता काढता वर तोंड करून ओरडायचा, "बाई, आज फुटाणे लई भाजायला घेतले?" आणि तू खिडकीतून म्हणायचीस, "या वर, तुमाला बी भाजते!" सगळी मशीनं एकदम चालायला लागली की जमीन हलायची. मध्येच एखाद्याची ओळ संपल्याची बेल. त्या गोंगाटात पाठमोरी उभी राहून तू ओरडायचीस, "खिडकीजवळची, डावं बोट चुकलं!" आणि खरंच चुकलेलं असायचं.

मी तिथं कसा आलो, ते तुला आठवत असेलच. आई लहानपणीच गेली, मला वाढवलं तुम्ही दोघा बहीणभावांनी, तू आणि आप्पांनी. मी दहावीला दोनदा आपटलो. शिर्डीला हॉटेलात राहिलो, आठवड्यात पळालो. फुलांच्या गाळ्यावर बसलो, तिथं मालकाशी भांडलो. टेम्पोवर क्लीनर झालो, तर तो टेम्पो संगमनेरलाच सोडून चालत आलो. शेवटी आप्पांनी मानगूट धरून मला तुझ्या जिन्यावर चढवलं.

"हे घे तुझं," आप्पा म्हणाले. "एका जागी बसत न्हाई. आता तूच बघ."

तू रिबन बदलत होतीस. तुझी बोटं काळी झाली होती. वर न बघता म्हणालीस, "बसंल. बूड न्हाई टेकवलं तर बोटं तरी टेकवंल."

"आन् पळालं तर?"

"पळंल कसं? बोटं मशीनवर, पाय पळून काय करत्यात!"

सगळ्या पोरी हसल्या. मला एवढा राग आला, की राग काढायला मी मशीनच बडवायला लागलो. आणि तू काय म्हणालीस? "आस्सं! ह्योच जोर पायजे." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या बडवण्याला चांगलं म्हटलं होतं, आत्या!

माझ्या हातांवर तू पुठ्ठ्याचं खोकं पालथं घालायचीस, बटणं दिसू नयेत म्हणून. चारचार बोटं ठरलेल्या जागी. उजव्या करंगळीखाली ते बटण, स्वल्पविरामाच्या डोक्यावर टिंब दिलेलं, सेमिकोलन. मी विचारलं होतं, "आत्या, हे कुठं वापरत्यात?" तू म्हणालीस, "कुठंच न्हाई. करंगळीला बसायला जागा पायजे म्हणून ठेवलंय." तुझं ते खरं धरून मी पुण्याला गेलो, आणि तिथं प्रोग्राम लिहायला शिकलो तर काय! जी भाषा मी लिहितो, तिच्यात जवळजवळ प्रत्येक ओळ सेमिकोलननं संपते. दिवसभर करंगळी तेच करते. तू म्हणालीस बसायला जागा, आणि सगळ्यात जास्त राबतंय ते तेच बोट!

प्रोग्रामिंग मला कुणी शिकवलं, हे लोक इथं विचारतात. खरं सांगू? कंटाळ्यानं. तुझ्या जुन्या विद्यार्थिनीनं पुण्याला डेटा एंट्रीला लावलं. दिवसभर एकच फॉर्म, तेच रकाने. मला तेवढं बसवेना. म्हटलं, हेच काम मशीनला सांगता येतं का बघू. शोधत शोधत गेलो, चुकत चुकत शिकलो. पुढं इथं मुलाखतीला साहेबांनी शिक्षण विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "मराठी तीस, इंग्रजी चाळीस." त्यांना काही कळलंच नाही! मीच सांगितलं, सर, टायपिंगची परीक्षा असते आमच्याकडं, मिनिटाला तेवढे शब्द. मग त्यांनी समोर कॉम्प्युटर ठेवला आणि म्हणाले, बोलू नकोस, करून दाखव. करून दाखवलं.

तेव्हापासून इथं टिकलोय. मी! टिकलोय!

सकाळपासून निळ्यावरच बसलो होतो. बाकीचे दोन पिशवीतून काढलेसुद्धा नाहीत. दुपारी शिबू जेवायला आला. दारात उभा राहून जरा वेळ ऐकलं त्यानं, मग म्हणाला, "नितिन, नीचे कौन बैठा है? किसको मार रहा है इतना?"

मी हसलो. मग मला हसता येईना. कारण खाली खरंच कुणीतरी असायचं, आत्या.

कचेरीतली कामं तू घ्यायचीस. अर्ज, प्रतिज्ञापत्रं. वर एक कोरा कागद, मग कार्बन, कागद, परत कार्बन, असा जाड गठ्ठा मशीनमध्ये चढवायचीस. पहिल्यांदा मी टाइप केलं, तेव्हा वरची प्रत झकास आली. खालची उचलून तू खिडकीशी धरलीस. पुसट. अर्धी अक्षरं गायब.

"वरचं आलंय की झ्याक," मी म्हटलं.

"वरची साहेबाकडं जाती. साहेब वाचत न्हाई, सही करतो. ही खालची कुणाची?"

"ज्याचा अर्ज हाय त्याची."

"तो वाचतो. वाचता येत न्हाई तर शेजाऱ्याकडून वाचून घेतो. धा वेळा उघडून बघतो. आन् त्यालाच पुसट द्यायची व्हय रे? मार परत. शेवटच्या कागदाला लागलं पायजे."

मी परत मारलं. त्या दिवसापासून मी असाच मारतो. वरच्या कागदासाठी नाही, शेवटच्यासाठी.

हे सगळं मी शिबूला मोडक्या हिंदीत सांगितलं. कार्बन म्हणजे काय, इथपासून. तो जेवता जेवता थांबला. मग हळूच म्हणाला, "अच्छा सिखाया। लेकिन यार, अब नीचे कार्बन नहीं है।"

एवढं साधं! आणि माझ्या डोक्यात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. खाली काही नाही. लाकडी टेबल आहे. मी रोज टेबलाला मारतोय.

तरी मी हट्ट सोडला नाही. मला निळाच पाहिजे होता. का, ते तुला कळतंय का? तू गेल्यापासून रविवारी फोन वाजत नाही. आठवतं, दर रविवारी तू म्हणायचीस, "मोबाईल ठेव बाजूला, वाजीव बघू"? आणि मी बटणं वाजवायचो, तू तिकडून ऐकायचीस. काय बोलायचं ते आपल्या दोघांनाही कधी सुचायचं नाही, म्हणून मी वाजवायचो आणि तू ऐकायचीस. "करंगळी मागं राहती तुझी," एवढं म्हणून फोन ठेवायचीस. आता निळा वाजला की वाटतं, तू तिकडं आहेस. लाल घेतला तर काहीच वाजणार नाही. भिंतीसारखी शांतता. तुझ्यानंतर तेवढीच उरलीय का माझ्या वाट्याला?

म्हणून आप्पांना फोन लावला. म्हटलं, त्यांना ऐकवू आणि ठरवून टाकू.

"आप्पा, ऐका." मी मोबाईल टेबलावर ठेवला आणि निळ्यावर एक आख्खा परिच्छेद मारला.

लांबून उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं तेवढं ऐकू येत होतं.

"आप्पा?"

"हाय, हाय. ऐकतोय." "क्लास चालू झाल्यागत वाटलं रे. परत वाजीव."

परत वाजवलं. मग ते म्हणाले, "घे की ह्योच. इचारतो काय त्यात?"

"बोटं दुखत्यात, आप्पा. डॉक्टर नको म्हणतीय."

"कुठली बोटं?"

"उजव्या हाताची. करंगळी आन् शेजारचं."

आप्पा म्हणाले, "आक्काची बी तीच हुती."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आत्याची? कधी?"

"कधी काय कधी! लई दिस. पीठ मीच मळत हुतो की. भाकऱ्या बी मीच थापायचो, नकाशागत. तिला मूठच वळत नव्हती."

"मी येत हुतो तवा तर तीच थापायची!"

"तू यायचा म्हणलं की गोळी घ्यायची आन् चुलीम्होरं बसायची. तू एस्टीत बसला की मग दोन दिस हात उचलायची न्हाई. मीच भरवायचो."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगू नगं म्हणली. पोरगं पयल्यांदाच एका जागी टिकलंय, म्हणली. ह्ये ऐकलं तर उठून यील."

आत्या, हे काय केलंस तू?

मला ते चहाचे कप आठवले. दोन्ही तळव्यांत धरून द्यायचीस. मी म्हटलं, "थंडी वाजती का गं?" तर म्हणालीस, "कोपरगावची थंडी तुला काय ठावं, बंगळूरवाल्या!" भर मे महिन्यात! आणि मी हसलो. पदर खोचताना तू कोपरानं दाबायचीस. क्लासात मशीनं जाऊन कॉम्प्युटर आले, तरी तुझा हात तसाच पडायचा. बटणांवरची अक्षरं झिजून जायची, पोरी म्हणायच्या, "मॅडम, कीबोर्डनं काय घोडं मारलंय तुमचं?" तेव्हाही दुखत होतं का? छातीत दुखायला लागलं तेव्हा तरी खरं सांगितलंस, की तेही दोन दिवस दाबून ठेवलंस? आप्पांना हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

उठून आलो असतो का? आलो असतो. तुझं बरोबर आहे. राजीनामा न देता, बॅग न भरता आलो असतो. आणि मग परत गेलो नसतो, हेही तुला ठाऊक होतं. पण म्हणून सगळं तू एकटीनंच ठरवायचं? मला एकदा विचारून तरी बघायचं होतंस! कदाचित मी आलो असतो, चार दिवस तुझी भाकरी थापली असती, नकाशागत, आणि परतही गेलो असतो. इतका भरवसा नव्हता का माझ्यावर?

रागावलोय मी तुझ्यावर. खरंच रागावलोय. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या फोटोसमोर बसलो होतो, तेव्हा नुसतं रडू येत होतं. क्लासात शिकलेले केवढे लोक आले होते, कुणी कोर्टात, कुणी पंचायतीत, कुणी पोलीस ठाण्यात लिहायला. सगळे सांगत होते, बाईंनी आम्हाला उभं केलं. मीही तेच सांगितलं. कुणीच म्हणालं नाही, की बाईंचा हात दुखायचा. कुणाला माहितीच नव्हतं!

फोन ठेवला. मग निळा बाजूला केला आणि पिशवीतून लाल काढला.

तुझा आवाज ठेवायचा तर तुझं दुखणंही ठेवावं लागणार. मी दुखणं ठेवणार नाही, आत्या. आवाज जाऊ दे.

हे पत्र सुरू केलं तेव्हापासून लालवरच लिहितोय, तुझ्या मराठी तीसच्या हातानं. सुरुवातीला फार चुकलं. बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं, एकाच्या जागी तीन तीन! पहिल्या चार ओळी खोडून परत लिहिल्या. पुठ्ठ्याच्या खोक्याखाली पहिल्या दिवशी झालं होतं, तसंच झालं. शिबू शेजारी बसून सारखा म्हणत होता, "आधा दबा, आधा!" आणि खरंच, निम्म्यातच अक्षर येतं. तळापर्यंत जायची गरजच नाही. हळूहळू जमायला लागलंय. सेमिकोलनला मात्र करंगळी अजून धाडकन पडते. तिला समजवायला दिवस लागतील.

खोलीत काहीच आवाज नाही. शिबू मोबाईल बघत पडलाय, त्याला वाटतंय मी विचार करत बसलोय.

निळा त्याच्या पिशवीत परत ठेवला. उद्या सकाळी साहेबांना सांगणार, लाल. कारण विचारलं तर हात दाखवणार. इथं कुणाला माझा हात दुखतो हे माहीत नव्हतं, मी बाथरूममध्ये जाऊन बोटं चोळायचो. हे कुठून शिकलो असेन, सांग बरं?

आता कबूल करतो ते ऐक. दुखलं की ज्या दिवशी दुखलं त्याच दिवशी बोलेन. आप्पांना, डॉक्टरला, साहेबांना. काम जाईल या भीतीनं गप्प बसणार नाही. आप्पांनाही सांगून ठेवलंय, तुम्हाला काही झालं तर मला कळवायचं, मी येईन आणि परतही जाईन. ते "बघू" म्हणाले. मी म्हटलं, बघू नाही, व्हय म्हणा. तेव्हा कुठं म्हणाले.

क्लासच्या जागेचं काय करायचं, हे तुला विचारायचं होतं. सायकलवाल्याच्या पोरीला क्लास चालवायचाय म्हणे. आणि जिन्याची ती तुटलेली पायरी, तिचंही लिहायचं होतं. पण डॉक्टर बाईंनी सांगितलंय, करंगळी बोलायला लागली की वाक्य अर्धं असलं तरी हात उचलायचा. ती आत्ता बोलायला लागलीय. म्हणून थांबतो.

तुझा,
नित्या